दाबोळीची वाट : विमानतळ, सडा आणि मधली नदी

१/२४
विमानतळाचा इतिहास सांगताना आपण धावपट्टीची लांबी, पहिले विमान आणि उद्घाटनाची तारीख सांगतो. तिथवर जाण्याची आणि तिथून घरी पोहोचण्याची वाट मात्र नोंदीबाहेर राहते. या धाग्यात गोव्यातील दाबोळी विमानतळाची गोष्ट त्या वाटेवरून सांगायची आहे. १९८३ पर्यंत दाबोळीला उतरलेला माणूस पणजीला केव्हा पोहोचेल, हे विमानाच्या वेळापत्रकापेक्षा झुआरी नदीवरच्या फेरीबोटीवर अधिक अवलंबून असे.

२/२४
आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू या. दाबोळी मुरगाव तालुक्यात आहे. वास्को शहर आणि मुरगाव बंदर तिथून हाकेच्या अंतरावर. राजधानी पणजी मात्र रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर. या ३० किलोमीटरांच्या मधोमध झुआरी वाहते. तिच्या उत्तर तीरावर आगशी, दक्षिण तीरावर कुठ्ठाळी. दोन्ही गावे एकमेकांना दिसतात. मधले पाणी एक किलोमीटरही रुंद नाही. दाबोळीच्या वाटेचा सारा इतिहास या एवढ्याशा पाण्याभोवती फिरतो.

३/२४
विमानतळ नदीपलीकडे गेलाच कसा? उत्तराचा पहिला भाग भूगोलात आहे. कोकणात सपाट जमीन सहसा डोक्यावर असते. जांभ्या दगडाच्या त्या पठाराला आपण सडा म्हणतो. गावे, माड, भातखाचरे, खाजणे आणि खाड्या सड्याच्या पायथ्याशी असतात. धावपट्टीला लांब, कणखर, पाणी न साचणारी जागा हवी आणि ती सड्यावरच मिळते. दाबोळी, मोपा, चिपी, रत्नागिरी ही सारी नावे सड्यांवरच्या विमानतळांची आहेत.

४/२४
याचा परिणाम ओळखीचा आहे. विमान वर उतरते, माणसे खाली राहतात आणि बहुधा मध्ये एखादी खाडी आडवी येते. कोकणातल्या विमानतळाचे शहरापासूनचे अंतर केवळ किलोमीटरांत मोजून भागत नाही. वाटेत किती चढउतार आणि किती पाणी, हेही विचारावे लागते. पण भूगोल इथे थांबतो. पणजीच्या बाजूलाही बांबोळीसारखी पठारे होतीच. तरीही दाबोळीच का, याचे उत्तर राजकारणात शोधावे लागते.

५/२४
मुरगावचे महत्त्व विमानापूर्वीचे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी मीटरगेज रेल्वे यांना चालना मिळाली. १८८० च्या दशकात ही रेल्वे मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत पोहोचली आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वेजाळ्याला जोडली गेली. बंदर, रेल्वे आणि त्यांच्या आधाराने वाढलेले वास्को हा एक स्वतंत्र पट्टा तयार झाला. राजधानी नदीच्या एका बाजूला आणि मालवाहतुकीचे केंद्र दुसऱ्या बाजूला, ही फाळणी तेव्हापासूनची.

६/२४
आता १९५४-५५ कडे या. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगिजांच्या हातून गेले. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी सुरू केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले. महाराष्ट्रातूनही अनेक जण गेले होते. पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यानंतर सीमा आवळल्या गेल्या. मुरगावहून घाट चढणारी रेल्वेवाहतूक बंद पडली.

७/२४
याच १९५५ सालात दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. तत्कालीन गव्हर्नर जनरलच्या नावावरून पुढे त्याला जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव मिळाले. पोर्तुगीज भारताची स्वतःची विमानसेवाही उभी राहिली. पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'टाइप' म्हणून ओळखली जाई. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात. जमिनीवरचे दरवाजे बंद होत असताना आकाशात एक खिडकी उघडली गेली. कोंडीत सापडलेल्या सत्तेला ती हवीच होती.

८/२४
त्या काळातील विसंगती लक्षात घ्या. दाबोळीहून विमानाने कराचीला आणि कराचीमार्गे लिस्बनला जाता येत होते. पण त्याच सड्याच्या पायथ्याशी असलेल्या रुळांवरून बेळगावला जाणारी गाडी थांबली होती. लिस्बन हजारो किलोमीटर दूर असूनही जवळ आले आणि बेळगाव घाटापलीकडे असूनही दुरावले. अंतर राजकारणही ठरवते, याचे इतके स्पष्ट उदाहरण आपल्या परिसरात क्वचितच सापडेल.

९/२४
आता दाबोळीची जागा उलगडते. विमानतळ बंदराच्या आणि रेल्वेच्या शेजारी होता. सैन्य, टपाल, अधिकारी आणि साहित्य जिथे उतरत, तिथेच तो होता. पणजीहून किंवा म्हापशाहून येणाऱ्या सामान्य प्रवाशाची सोय हा त्या निवडीचा केंद्रबिंदू दिसत नाही. बहुसंख्य गोवेकर तेव्हा 'कारेर' म्हटल्या जाणाऱ्या छोट्या बसने, 'गाझोलीन' म्हटल्या जाणाऱ्या मोटारलाँचने, नाहीतर पायी फिरत. विमान त्यांच्या डोक्यावरून जाई.

१०/२४
१८ डिसेंबर १९६१. ऑपरेशन विजयच्या पहिल्या सकाळी भारतीय हवाई दलाची १२ कॅनबेरा विमाने दाबोळीवर आली. त्यांचे नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्याकडे होते. लक्ष्य होते धावपट्टी. इमारती आणि तिथे उभी असलेली नागरी विमाने वाचवायची, अशा सूचना होत्या. काही वेळाने विमानांची दुसरी तुकडी आली. धावपट्टी उखडली, पण दोन मोठी प्रवासी विमाने शाबूत राहिली.

११/२४
त्या रात्री धावपट्टीची घाईने डागडुजी झाली. अंधाराचा फायदा घेऊन, उरलेल्या आखूड पट्टीवरून ती दोन्ही विमाने उडाली आणि कराचीला पोहोचली. त्यांत अधिकाऱ्यांची कुटुंबे होती. पोर्तुगीज गोव्याच्या विमानतळावरून झालेले ते शेवटचे प्रस्थान. साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा निरोप असा काळोखात झाला. खाली मुरगावच्या बंदरात 'अफोंसो द अल्बुकर्क' ही युद्धनौका भारतीय नौदलाशी झालेल्या लढाईत त्याच दिवशी निकामी झाली होती.

१२/२४
पोर्तुगीज संरक्षणाचा गाभा असा होता : वाटेतले पूल उडवत शत्रूला रोखायचे, मागे सरत मुरगावच्या द्वीपकल्पात एकवटायचे आणि शेवटची झुंज तिथे द्यायची. झुआरी ही त्या योजनेतली नैसर्गिक तटबंदी होती. म्हणून दाबोळीच्या वाटेवरचा बोरीचा पूल उडवला गेला. भारतीय तुकड्या तिथे पोहोचल्या तेव्हा समोर पाणी होते आणि पूल नव्हता.

१३/२४
सैनिकांनी मग जे केले ते गोव्यातला प्रत्येक प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या करत आला होता. त्यांनी बोटीतून नदी ओलांडली. पुढे मडगाव, मग वेर्णा. वेर्णा इथे चकमक झाली आणि दुपारी पोर्तुगीज तुकडी शरण आली. तिथून सैन्य दाबोळी आणि मुरगावकडे वळले. १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. गोव्याची मुक्ती ज्या वाटेने पूर्ण झाली, ती विमानतळाचीच वाट होती.

१४/२४
सत्ता बदलली. विमानतळाचा धनी मात्र नागरी झाला नाही. १९६२ मध्ये तो भारतीय नौदलाकडे गेला आणि १९६४ मध्ये 'आयएनएस हंसा' हा नौदलाचा हवाई तळ तामिळनाडूतील सुलूरहून इथे आला. नागरी विमानांना तळाच्या एका कोपऱ्यात जागा मिळाली. पुढे कित्येक वर्षे सकाळचे अनेक तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवले जात. प्रवासी विमाने उरलेल्या वेळात यायची, म्हणजे प्रवाशांची गर्दीही त्याच वेळात रस्त्यावर उतरायची.

१५/२४
मुंबईहून पणजीला येणारी आगबोट तेव्हा चालू होती. तिला रात्र लागे, पण ती थेट पणजीच्या धक्क्यावर आणून सोडी. विमान मुंबईहून झटक्यात येई, पण दाबोळीच्या सड्यावर सोडून मोकळे होई. पुढे कुठ्ठाळीपर्यंत रस्ता, मग फेरीबोटीची वाट पाहणे, आगशीला उतरणे आणि पुन्हा रस्ता. बार्देशात म्हापशाला जायचे असेल तर वाटेत आणखी एक नदी, मांडवी. ज्याच्याकडे विमानाचे तिकीट काढण्याइतका पैसा होता, त्यालाही नदीसमोर रांगेत उभे राहावे लागे.

१६/२४
फेरीबोट मोठी समतावादी असते. तिच्यात मोटारी, बैलगाडी, मासळीच्या टोपल्या आणि अधिकाऱ्यांची जीप एकाच फळीवरून चढतात. पण तिची क्षमता मोजकी. एक फेरी भरली की मागच्यांनी थांबायचे. पावसाळ्यात वारा आणि प्रवाह यांचे गणित आणखी वेगळे. नदी टाळायची तर पणजीहून बाणस्तारी, फोंडा, बोरी, मडगाव असा लांबचा वळसा. विमान गाठणाऱ्याला घरून निघतानाच ठरवावे लागे : बोटीवर विश्वास ठेवायचा की वळशावर.

१७/२४
याच काळात गोव्यातील प्रवासाला एक वेगळा सारथी मिळाला. भाड्याने मोटारसायकल चालवणाऱ्याला गोव्यात आजही 'पायलट' म्हणतात. पिवळ्या-काळ्या दुचाकीवर मागे एक प्रवासी, मांडीवर त्याची पिशवी. बस जिथे पोहोचत नाही तिथे पायलट पोहोचतो. सड्यावरचे विमान एक पायलट उतरवतो आणि सड्यावरून खाली घरी दुसरा पायलट नेतो. भाषेने या दोघांना एकच पदवी दिली, हे मला फार न्याय्य वाटते.

१८/२४
१९८३ मध्ये आगशी आणि कुठ्ठाळी यांना जोडणारा झुआरी पूल खुला झाला. २८ वर्षे विमानतळ आणि राजधानी यांच्यामध्ये जे पाणी होते, त्यावर अखेर रस्ता आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची विश्रांती-बैठक गोव्यात भरली आणि दाबोळीहून आग्वादकडे जाणारी वाट अचानक जगाच्या नजरेत आली. फेरीच्या रांगेत वर्षानुवर्षे ताटकळलेल्या गोवेकरांना हा योगायोग पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

१९/२४
पण ही सरळ वाट पूर्ण रूपात जेमतेम तीन वर्षे टिकली. मांडवीवर १९७० च्या सुमारास नेहरू पूल झाला होता. ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात, तो कोसळला. झुआरी सुटली होती, आता मांडवी अडली. दाबोळीहून म्हापशाकडे निघालेल्या प्रवाशाला पणजीच्या धक्क्यावर पुन्हा फेरीबोट दिसली. मांडवीवर नवा पक्का पूल १९९२ मध्ये आला. पूल बांधला म्हणजे नदीचा प्रश्न कायमचा मिटला, हा समज गोव्याने त्या जुलैत सोडून दिला.

२०/२४
३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाला. त्याच सुमारास युरोपातून पर्यटकांनी भरलेली चार्टर विमाने थेट दाबोळीला उतरू लागली. 'जागृत गोंयकारांची फौज' या गटाने त्याविरुद्ध विमानतळावर निदर्शने केली. पाणी, किनारे आणि जमीन कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरीकडे याच विमानांमुळे कित्येक स्थानिक तरुणांनी टॅक्सी घेतल्या आणि घरे सावरली. टॅक्सीभाड्यावरून आज होणाऱ्या वादांची मुळे या दुहेरी इतिहासात आहेत. विमानतळाबाहेरची ती रांग म्हणजे एका पिढीची उपजीविका आहे.

२१/२४
झुआरीचा पूलही लवकर थकला. वाहने वाढत गेली. पुढे पुलाच्या प्रकृतीमुळे जड वाहनांना त्यावरून बंदी करावी लागली आणि ती पुन्हा बोरीच्या जुन्या वळशाने जाऊ लागली. पुलावर कोंडी झाली की विमान चुकण्याची भीती परत आली. फेरीच्या रांगेची जागा मोटारींच्या रांगेने घेतली होती, एवढेच. शेजारी नवा केबल-आधारित पूल बांधायचे काम सुरू झाले.

२२/२४
आता तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. ११ डिसेंबर २०२२ : उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावर नव्या विमानतळाचे उद्घाटन. २९ डिसेंबर २०२२ : झुआरीच्या नव्या पुलाचा पहिला अर्धा भाग खुला. ५ जानेवारी २०२३ : मोपाहून प्रवासी विमाने सुरू. ज्या नदीने दाबोळीची वाट ६७ वर्षे अडवली, तिच्यावर प्रशस्त पूल आला आणि आठवड्याभरात नदीच्या दुसऱ्या बाजूला दुसरा विमानतळही चालू झाला. पणजीचा आणि बार्देशचा प्रवासी आता झुआरी न ओलांडताही विमान गाठू शकतो. सीमेपलीकडच्या बांदा-सावंतवाडीकरांसाठी तर अंतराचे सारे गणितच बदलले.

२३/२४
मोपाची वाटही निर्मळ नाही. सडा दुरून ओसाड दिसतो, पण तो कोणाचा तरी असतो. मोपाच्या पठारावरील धनगर कुटुंबांना विमानतळासाठी आपली वस्ती सोडून दुसरीकडे जावे लागले. महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्यासाठी जमिनी घेताना पेडण्यातील शेतकऱ्यांनी विरोध केला. विमानात बसलेल्याला जी वाट वीस मिनिटांनी लहान झाली, ती कोणाच्या काजूच्या बागेतून आणि कोणाच्या गुरांच्या चरणीतून गेली, हेही इतिहासात लिहिले गेले पाहिजे. १९५५ मध्ये हा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. आज आहे.

२४/२४
विमानतळ कोणासाठी बांधला, हे उद्घाटनाच्या भाषणांतून क्वचित कळते. त्याची वाट ते सांगते. दाबोळीची वाट आधी बंदराकडे होती, मग सैन्याकडे, मग पर्यटकांकडे. घरी जाणाऱ्या माणसाकडे ती सर्वांत शेवटी वळली. तुमच्या जिल्ह्यातील विमानतळाचाही असाच शोध घ्या : कोल्हापूरचा उजळाईवाडी, नांदेड, जळगाव, लातूर, कोणताही. जुने गॅझेटियर, एसटीचे जुने वेळापत्रक, भूमापन नकाशे काढा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा की विमानतळावर जायला घरून किती वाजता निघावे लागे आणि वाटेत काय लागे. जे उत्तर मिळेल ते इथे खाली लिहा. या वाटांचा इतिहास अजून कोणी एकत्र केलेला नाही. तो आपल्यालाच जोडत न्यावा लागेल.